बाबांच्या फोटोंची हलवाहलव : नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१५ जून, शनिवार

बाबांची डिस्क आज आठ महिन्यांनी लॅपटॉपला जोडली. '२००५' हा फोल्डर उघडायला दोन मिनिटं लागली, आणि मध्येच आतून टक्-टक् असा बारीक आवाज आला. आईला स्वयंपाकघरात ऐकू गेला नसेल, पण माझ्या पोटात गोळा आला.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावून पाहिला. पिवळा रंग, 'सावधान'. वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या, रांगेत १८ हा आकडा. हा प्रोग्रॅम मूळ आकडे सोळाच्या पायात दाखवतो, म्हणजे ते खरे २४. डिस्क १ टीबीची, २०१४ ची. बाबा गेले २०१५ मध्ये. त्यानंतर तिच्यात भर पडली ती आमच्या मोबाइलमधली, बाकी सगळं त्यांनी लावलं होतं तसंच आहे.

आत ६१,४३८ फाइली, ४१२ जीबी. दुसरी प्रत कुठेच नाही. हे लिहितानाच लाज वाटते, कारण आमच्या घराला तरी हे कळायला हवं होतं. २६ जुलै २००५ ला कुर्ल्याच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातले सगळे अल्बम गेले. आईबाबांच्या लग्नाचे, आमच्या बारशांचे, सगळे. पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. पुढची सहा-सात वर्षं बाबा नातेवाइकांकडे जाऊन त्यांच्या अल्बममधले आमचे फोटो मागून आणत, स्कॅन करत आणि परत नेऊन देत. ते स्कॅन याच डिस्कवर आहेत.

डिस्क काढून ठेवली. यापुढे तयारी झाल्याशिवाय जोडायची नाही.

१६ जून, रविवार

भावाशी फोनवर बोलले. तो नाशिकला, त्याच्याकडे मॅक. माझ्याकडे विंडोज. ठरलं ते असं :

दोन नव्या डिस्क, प्रत्येकी २ टीबी. एक इथे विक्रोळीत, एक त्याच्याकडे. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. तिसरी प्रत सगळ्या फाइलींची जमणार नाही. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली, आता सगळं मिळून १५ जीबी. त्यात बाबांचे स्कॅन आणि २००४ ते २००८ चे फोटो बसतील. ते तरी तिथे चढवायचे.

एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवरची डिस्क घेऊ या, असं भावाचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. या डिस्क कपाटात महिनोन् महिने पडून राहणार, आणि एसएसडी वीज न देता फार काळ ठेवली तर तिच्यातला साठलेला विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो. फिरती डिस्क वर्षातून दोनदा जोडून फिरवली की झालं.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, विंडोजचं एनटीएफएस. एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये दोन्हीकडे लिहिता येतं, पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही. लिहिता लिहिता केबल निघाली तर फाइलींची यादीच बिघडू शकते. मॅकवर एनटीएफएस नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. भावाला वाचायचंच आहे, आणि त्याच्या हातून चुकून काही पुसलं जाणार नाही हा फायदाच.

२२ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन डिस्क आणल्या. पाऊस होता म्हणून त्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवल्या आणि ग्रँट रोडपासून दादरमार्गे घरापर्यंत पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. दुकानातल्या मुलाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मागितल्या. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन डिस्कमध्ये खोट असली तर ती दोन्हीकडे एकदमच निघायची.

संध्याकाळी दोन्ही डिस्कचं पूर्ण फॉरमॅट लावलं, 'क्विक'वरची खूण काढून. त्यात प्रत्येक सेक्टरवर एकदा लिहिलं जातं, त्यामुळे खराब जागा असली तर आजच कळेल. एकेकीला साडेपाच-सहा तास. २ टीबी विंडोजला १.८१ दिसते, त्यात फसवणूक काही नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

एकीला 'घर', दुसरीला 'नाशिक' असं नाव दिलं.

२३ जून, रविवार

चूक झाली.

रोबोकॉपीनं फाइली उतरवायला सुरुवात केली. वाचता न आलेल्या फाइलीसाठी हा प्रोग्रॅम मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. ते माहीत होतं म्हणून एकच प्रयत्न आणि एकच सेकंद असं सांगून ठेवलं होतं. पहिले दोन तास बरे गेले. मग एका फोल्डरवर वेग इतका पडला की काटा हलेना, आणि ३८,००० च्या आसपास डिस्क लॅपटॉपवरून दिसेनाशीच झाली.

मरायला टेकलेल्या डिस्कवरून फाइली एकेक करून उचलायच्या नसतात. त्यात वाचणारा माथा डिस्कभर इकडून तिकडे पळत राहतो आणि नेमका खराब जागीच जाऊन अडतो. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, फाइली नंतर त्या प्रतीतून काढायच्या. वाचलं होतं, तरी घाई केली. डिस्क थंड होऊ दिली. आज तिला परत हात लावला नाही.

२९ आणि ३० जून

पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम लावला. भाऊ फोनवर. "ताई, कुठली डिस्क कुठली ते दोनदा बघ, उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत बाबांच्या डिस्कवर जाईल." दोनदा नाही, चारदा बघितलं. आकारावरून ओळखायचं : १ टीबीची ती बाबांची.

हा प्रोग्रॅम आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं त्याचा नकाशा वेगळ्या फाइलीत लिहीत राहतो. मग त्या राहिलेल्या जागांकडे परत परत येतो. वीज गेली किंवा डिस्क गायब झाली तरी नकाशावरून पुढे सुरू करता येतं. डिस्क दोनदा गायब झाली. टेबलफॅन तिच्यावर सोडला होता आणि आई दर तासाला येऊन पंखा चालू आहे ना, ते बघत होती.

एकूण ३१ तास. शेवटी उरलं ते फारच थोडं. त्या न वाचलेल्या जागी प्रतीमध्ये एक ओळखीचा शब्द भरून ठेवायचा आणि मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. ज्यांत तो सापडला त्या दुखावलेल्या. चार निघाल्या. तीन फोटो आणि एक व्हिडिओ. ६१,४३८ पैकी चार.

बाबांची डिस्क वरून फडक्यानं पुसून, तिच्याच डब्यात घालून आईच्या कपाटात ठेवली.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळला. पहाटे १ ते ७ या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. मध्य रेल्वे कोलमडली, सकाळच्या शाळांना सुट्टी. ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता. आई खिडकीपासून हलेना. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, तरी असा पाऊस लागला की ती पाणी कुठवर आलं ते बघत राहते.

फाइली 'घर'वर काल रात्रीच काढून झाल्या होत्या. आज ठसे काढले. पॉवरशेल या विंडोजमधल्या प्रोग्रॅममधून प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा : ६४ अक्षरांची एक ओळ. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. नुसतं फाइलींची संख्या आणि आकार जुळणं पुरेसं नाही, कारण आतून करडी झालेली जेपेग फाइलसुद्धा तेवढ्याच आकाराची असते. प्रतीतून एक यादी, 'घर'वरून दुसरी यादी, दोन्ही जुळल्या. मग 'घर'वरून 'नाशिक'वर.

या दुसऱ्या डिस्कवर पहिले शंभरेक जीबी झपाट्यानं गेले आणि मग वेग ११० वरून २५ एमबीवर आला. घाबरायचं कारण नाही, तिची जातच तशी. हल्लीच्या बऱ्याच छोट्या डिस्कमध्ये लिहिण्याच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. कोकणातल्या घराचं मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात, तसंच हे. रात्री साडेअकराला संपलं. तिसरी यादीही जुळली.

आता दोन धडक्या डिस्कवर दोन प्रती आहेत. २०१५ नंतर पहिल्यांदाच.

१४ जुलै, रविवार

आज मला जे सापडलं ते नीट लिहून ठेवते.

प्रत्येक फोल्डरमध्ये पिकासाची एक लपलेली फाइल आहे, 'पिकासा.आयएनआय'. फोटो लावून ठेवायला बाबा पिकासा हा प्रोग्रॅम वापरायचे. गूगलनं ते २०१६ मध्ये बंद केलं, माझ्या लॅपटॉपवर ते कधीच नव्हतं, म्हणून या फाइलींकडे कचरा म्हणूनच बघत होते. पुसायच्या यादीतही घातल्या होत्या. पुसण्याआधी एक सहज नोटपॅडमध्ये उघडली.

आत फोटोच्या नावाखाली आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक माळ. चेहऱ्याभोवतीच्या चौकोनाचे कोपरे, आणि शेवटी एक खुणेचा क्रमांक. आणि फाइलीच्या दुसऱ्या भागात त्या क्रमांकांसमोर नावं. बाबांनी रोमन अक्षरांत टाइप केलेली : इंदू आत्या. दामूकाका रत्नागिरी. शेजारच्या कुलकर्णी आजी. चेहरे ओळखण्याची सोय पिकासात २००९ मध्ये आली, म्हणजे निवृत्तीनंतर बसून त्यांनी हे केलं. दुपारी जेवण झाल्यावर तासन् तास लॅपटॉपसमोर बसलेले असायचे, आणि आम्हाला वाटायचं पत्ते खेळतायत.

फोटोत नाव नाही. नाव या लहानशा फाइलीत आहे आणि ती लपलेली असल्यामुळे, फोल्डर उघडून नुसते फोटो निवडून उचलले असते तर ती मागेच राहिली असती. पूर्ण फोल्डर उचलल्यामुळे वाचली.

आईला बोलावलं. २००५ च्या फोल्डरमधला पुराचा सातवा फोटो तिच्यासमोर धरला. बाबांनी जिन्यावरून काढलेला. पाणी छातीपर्यंत, बनियन घातलेला एक माणूस, खांद्यावर आमचा पितळी हंडा, दुसऱ्या हातानं जिन्याचा कठडा धरलेला. तोंड वर, कॅमेऱ्याकडे.

"हा कोण गं? चेहरा रोजचा आहे. नाव येत नाही."

मी आयएनआय फाइल उघडली, त्या फोटोचा क्रमांक शोधला. बाबांनी लिहिलं होतं : दळवी गिरणीवाले.

"अगं बाई, दळवी!" आई खुर्चीवर बसली. "त्यांची स्वतःची गिरणी बुडत होती खाली. पिठाची पोती सोडून ते आपल्याकडे आले. मला म्हणाले, वहिनी, प्यायचं पाणी आधी."

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकली.

एकूण ६४ नावं आहेत. पुढचे काही रविवार ती फोटोंच्या आत लिहायची आहेत.

२० जुलै, शनिवार

नावांचं काम सुरू केलं, पण आधी तारखा. २००५ च्या फोल्डरमधले ३१२ फोटो २००३ साल सांगतायत. पुराचे अकराही फोटो ९ जानेवारी २००३ चे, पहाटे तीनचे, असं त्यांच्या एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोच्या आत लिहितो त्या माहितीत, आहे. फोल्डर बरोबर असला तरी गूगल फोटोज, मोबाइलची गॅलरी, सगळे एक्झिफ बघून रांग लावतात. तिथे हा पूर २००३ च्या जानेवारीत जाऊन पडेल.

कारण साधं आहे. बाबांच्या त्या ३.२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पेन्सिल सेल लागायचे. ते काढून बराच वेळ तसाच राहिला की घड्याळ १ जानेवारी २००३ ला परत जायचं आणि ते तारीख घालायला विसरायचे. घड्याळ चालत मात्र होतं, फक्त चुकीच्या जागेवरून. म्हणजे एका फोटोची खरी वेळ कळली तर सगळ्यांची कळते.

तारखेचा प्रश्नच नाही. वेळ हवी होती. पुराच्या दुसऱ्या फोटोत, पाणी कमरेला असताना दारातून आत काढलेल्या, मागच्या भिंतीवर आमचं घड्याळ दिसतं. मोठं करून बघितलं. काच ओली, फ्लॅशचा चट्टा बारा-एकच्या जागी, पण काटे दिसतात : सहा चाळीस. वीज दुपारीच गेली होती, घड्याळ सेलवरचं, त्यामुळे ते चालू होतं. कॅमेरा म्हणतो ९ जानेवारी २००३, ३ वाजून १२ मिनिटं. खरं २६ जुलै २००५, संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटं. फरक ९२९ दिवस, १५ तास, २८ मिनिटं. २००४ लीप वर्ष होतं, तो एक दिवस पहिल्यांदा माझ्या हिशेबातून सुटला होता.

हा फरक इतर फोटोंना लावून पाहिला. गणपती आणतानाचा फोटो ७ सप्टेंबर २००५, सकाळी दहाच्या सुमाराला येतो. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरलाच होती. बसलं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं असं आई म्हणते. तेवढं चालेल.

एक्झिफटूल या प्रोग्रॅमनं ३१२ फोटोंच्या तारखा एका फटक्यात पुढे सरकवल्या, 'घर' डिस्कवर. मूळ फाइली तो बाजूला ठेवतो, त्या तपासून मग काढल्या.

हाच हिशेब उलटा केला तर घड्याळ शून्यावर आलं ती वेळ १८ जुलै २००५, दुपारी साडेतीन. त्या दुपारी बाबांनी सेल घातले आणि आठ दिवसांनी कॅमेरा हाताशी होता.

२८ जुलै, रविवार

'नाशिक' डिस्क अद्ययावत केली. रोबोकॉपी फक्त बदललेल्या फाइली नेतं, म्हणून पाच मिनिटांत झालं. इतक्या लवकर कसं झालं, अशी शंका आली म्हणून ठसे परत काढले. त्या ३१२ पैकी २९० फाइली जुळत नाहीत.

झालं असं की तारखा बदलताना मी एक्झिफटूलला फाइलीची बाहेरची 'बदललेली तारीख' जशीच्या तशी ठेवायला सांगितलं होतं. आतली तारीख बदलली, पण तारखेची अक्षरं तेवढीच, आकार तोच. रोबोकॉपी आकार आणि बाहेरची तारीख एवढंच बघतं. त्याच्या लेखी या २९० फाइलींत काही बदललंच नव्हतं. ठसे काढले नसते तर नाशिकला पूर २००३ मध्येच राहिला असता.

'नाशिक'वरचा तो फोल्डर काढून टाकला, परत पूर्ण उतरवला. जुळलं. यापुढे फाइलीच्या आत काहीही लिहिलं की नवी यादी, मगच दुसरी डिस्क.

११ ऑगस्ट, रविवार

त्या चार दुखावलेल्या फाइलींचा शोध. माळ्यावर बाबांच्या सीड्यांचा डबा होता. अठरा सीड्या, २००४ ते २००७. लॅपटॉपला आता सीडी लावायची सोयच नसते, म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. पाच सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत, दोघींवर कागदी लेबल चिकटवलेलं होतं आणि ते ओल धरून फुगलं होतं. पण आत्याच्या मुलीच्या हळदीचा फोटो सातव्या सीडीवर पूर्ण सापडला.

भावाच्या मुंजीच्या स्कॅनची एक छोटी प्रत मामांच्या व्हॉट्सॲपवर होती. व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं आणि आतली तारीख काढून टाकतं, तरी चेहरे दिसतात. तारीख मी लिहिली.

उरलेला फोटो आणि व्हिडिओ गेले. फोटोचा खालचा अर्धा भाग करडा आहे, वरच्या अर्ध्यात आजोळच्या घराची कौलं आणि आभाळ. तो तसाच ठेवलाय.

३१ ऑगस्ट, शनिवार

६४ पैकी ६१ नावं फोटोंत लिहून झाली, मराठीत, फोटोच्या आतल्या एक्सएमपी या माहितीच्या जागेत, म्हणजे बरेच प्रोग्रॅम वाचू शकतील. तीन जणांना आईही ओळखत नाही आणि बाबांची खूणही अपुरी आहे : 'पांडू', 'डेपोतला', 'एसके'. ती तशीच लिहिली. पिकासाच्या फाइली पुसलेल्या नाहीत, पुसणारही नाही.

स्कॅन आणि २००४ ते २००८ चे फोटो क्लाउडवर चढले. ११ जीबी.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. भाऊ आज दुपारी निघाला. 'नाशिक' डिस्क बबल प्लास्टिकमध्ये, मग डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, बाहेर कागद : कधी उतरवली, किती फाइली, ठशांची यादी कुठे आहे, पुढच्या मार्चमध्ये जोडून तपासायची. आईनं त्याच्या पिशवीत वर मोदक ठेवले तर मी ते वरून खाली, डिस्क खालून वर असं केलं. मग आईनंच सगळं काढून डिस्क मध्ये घातली, कपड्यांत गुंडाळून.

१५ सप्टेंबर, रविवार

भावाचा फोन. मॅकवर डिस्क उघडली, ठसे काढायला चार तास लागले. ६१,४३८ पैकी ६१,४३८ जुळल्या.

'घर' डिस्कवरची बाबांच्या डिस्कची अख्खी प्रत आता काढता येईल, ९३१ जीबी मोकळे होतील. मार्चपर्यंत राहू दे म्हटलं.

संध्याकाळी भावानं त्याच्या मुलीला पुराचे फोटो दाखवले. सातव्या फोटोखाली नाव येतं म्हणाला. तिनं विचारलं, दळवी गिरणीवाले म्हणजे कोण. त्यानं आईला फोन दिला. आई अर्धा तास बोलत होती.